अस्लम शेर खान : एका हॉकी घराण्याचा इतिहास

भारतीय हॉकीत वडील आणि मुलगा या दोघांनीही ऑलिम्पिक पदक मिळवल्याची उदाहरणे फार थोडी आहेत. ध्यानचंद आणि त्यांचे चिरंजीव अशोककुमार ही जोडी सर्वांना ठाऊक आहे. अशीच दुसरी जोडी भोपाळची. वडील अहमद शेर खान १९३६ साली बर्लिनला सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघात होते, तर मुलगा अस्लम शेर खान १९७२ साली म्युनिकला कांस्यपदक जिंकणाऱ्या संघात. पुढे १९७५ साली क्वालालंपूरला भारताने विश्वचषक जिंकला. त्या विजयात अस्लमचा एक गोल असा आहे की तो झाला नसता तर भारत अंतिम सामन्यापर्यंत पोहोचलाच नसता. पुरुष हॉकीचा विश्वचषक भारताने आजवर तेवढा एकदाच जिंकला आहे.

अस्लम शेर खान भोपाळचे, मग त्यांच्यावर नागपूरहून मराठीत लिहिण्याचे कारण काय, असे कोणी विचारील. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत नागपूर ही मध्य प्रदेशाची राजधानी होती. त्या दिवशी राज्ये नव्याने आखली गेली, विदर्भ मुंबई राज्यात आला आणि राजधानीचा मान भोपाळकडे गेला. पण नागपूर-इटारसी लोहमार्ग होता तिथेच राहिला. या मार्गावर आमला आणि बैतूल लागतात. मुलताई, आठनेर या भागांत आजही घरोघरी मराठी बोलली जाते. याच बैतूल मतदारसंघाने अस्लम शेर खान यांना दोन वेळा लोकसभेत पाठवले. म्हणजे त्यांचे सार्वजनिक आयुष्य आपल्या उंबरठ्यावरच घडले आहे.

भोपाळची हॉकी

भोपाळ हे स्वतंत्र संस्थान होते. १८१९ पासून १९२६ पर्यंत तेथे एकामागून एक चार बेगमांनी कारभार पाहिला. सुलतान जहाँ बेगम या त्यातल्या शेवटच्या. त्यांचे एक पुत्र ओबेदुल्ला खान यांच्या नावाने भोपाळात सुवर्णचषक हॉकी स्पर्धा सुरू झाली आणि देशभरातले नामांकित संघ त्या शहरात येऊ लागले. दरबाराचा आश्रय होता, पण केवळ आश्रयाने खेळाडू तयार होत नाहीत. भोपाळात हॉकी मोहल्ल्यात उतरली होती. कच्च्या मैदानावर, दोन दगडांचा गोल करून, हाती येईल त्या काठीने मुले खेळत. 'भोपाळ वाँडरर्स' या संघाचे नाव त्या काळी कलकत्ता-मुंबईपर्यंत गाजत होते.

१९३६ च्या ऑलिम्पिक संघात या एकट्या शहरातून अहसान मोहम्मद खान आणि अहमद शेर खान असे दोन खेळाडू गेले. १९४८ साली लंडनला, स्वतंत्र भारताच्या पहिल्या ऑलिम्पिकमध्ये, सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघात लतीफुर रहमान आणि अख्तर हुसेन हे भोपाळच्या मैदानांवर वाढलेले खेळाडू होते. १९६८ साली मेक्सिकोला इनामुर रहमान, २००० साली सिडनीला समीर दाद. एका मध्यम आकाराच्या शहराचा हा हिशेब साधा नाही.

बर्लिन, १५ ऑगस्ट १९३६

त्या काळच्या भारतीय हॉकी संघाकडे पाहिले तर आजच्या वाचकाला नवल वाटेल. १९२८ साली ॲमस्टरडॅमला संघाचे कर्णधार होते जयपालसिंग मुंडा, म्हणजे छोटा नागपूरचे आदिवासी. १९३२ साली लॉस एंजलिसला कर्णधार होते लाल शाह बुखारी. त्याच स्पर्धेत भारताने अमेरिकेला २४-१ असे हरवले होते. १९३६ साली कर्णधारपद ध्यानचंद यांच्याकडे आले. संघात हिंदू, मुसलमान, शीख, अँग्लो-इंडियन आणि गोव्याकडील ख्रिस्ती असे सर्व होते.

बर्लिनला पोहोचल्यावर सराव सामन्यात जर्मनीने भारताला ४-१ असे हरवले. संघ हादरला. भारतातून अली इक्तिदार शाह दारा यांना तातडीने बोलावून घेण्यात आले आणि ते विमानाने येऊन पोहोचले. अंतिम सामना १४ ऑगस्टला व्हायचा होता, पण पावसामुळे तो १५ ऑगस्टला झाला. भारताने जर्मनीला ८-१ असे नमवले.

या सामन्यापूर्वीची एक हकीकत ध्यानचंद यांनी आपल्या आत्मचरित्रात नोंदवून ठेवली आहे. संघाचे सहव्यवस्थापक पंकज गुप्ता यांनी कपडे बदलण्याच्या खोलीत काँग्रेसचा तिरंगा बाहेर काढला आणि सर्व खेळाडूंनी त्याला सलाम केला. मैदानावर त्यांना ब्रिटिश हिंदुस्थानच्या नावाने उतरायचे होते. स्वातंत्र्य अकरा वर्षे दूर होते आणि तारीख मात्र तीच, १५ ऑगस्ट.

अंतिम सामन्यात खेळलेल्या अकरा जणांत अहमद शेर खान यांचे नाव नाही. ते राखीव खेळाडूंत होते. पण राखीव खेळाडू म्हणजे बाहेर बसलेला बिनकामाचा माणूस नव्हे. मोठ्या स्पर्धेला जाणाऱ्या संघात त्यालाही तेवढीच तयारी ठेवावी लागते, आणि संधी मिळेलच याची हमी नसते. अहमद शेर खान यांना त्या दिवशी ती मिळाली नाही. एकोणचाळीस वर्षांनी त्यांचा मुलगा असाच बाहेर बसला होता आणि त्याला ती मिळाली.

फाळणीने फोडलेले संघ

१९४७ साली देशाबरोबर हॉकीचे संघही फुटले. बर्लिनला भारतासाठी गोल करणारे अली दारा १९४८ साली लंडनला पाकिस्तानचे कर्णधार म्हणून उतरले. लाल शाह बुखारी पाकिस्तानच्या परराष्ट्र सेवेत गेले. लंडनला भारतासाठी सुवर्णपदक जिंकलेले लतीफुर रहमान आणि अख्तर हुसेन नंतर पाकिस्तानात गेले. १९५६ साली मेलबर्नला भारताने पाकिस्तानला १-० असे हरवून सुवर्णपदक घेतले, तेव्हा हे दोघे रौप्यपदक मिळवणाऱ्या पाकिस्तानी संघात होते. एकाच माणसाच्या घरात एका देशाचे सुवर्ण आणि दुसऱ्या देशाचे रौप्य! फाळणीवर पुष्कळ लिहिले गेले, पण या दोन पदकांइतके बोलके पुरावे थोडेच असतील.

अहमद शेर खान भोपाळातच राहिले. १५ जुलै १९५३ रोजी भोपाळात अस्लमचा जन्म झाला. ज्यांनी जायचे ठरवले त्यांची नावे इतिहासात 'ते गेले' म्हणून नोंदली जातात. राहिलेल्यांचा निर्णय मात्र कोणी निर्णय म्हणून नोंदवत नाही. जणू राहणे म्हणजे काही न करणे! आपल्यापैकी बहुतेकांच्या आजोबा-पणजोबांनी तोच निर्णय घेतला होता, तोही गाजावाजा न करता. अस्लम शेर खान यांच्या कारकिर्दीचा आरंभ तिथून धरला पाहिजे.

म्युनिक आणि क्वालालंपूर

१९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकला अस्लम गेले तेव्हा त्यांना नुकतेच एकोणिसावे वर्ष पूर्ण झाले होते. बचावफळीतील फुलबॅक ही त्यांची जागा आणि पेनल्टी कॉर्नरचा जोरदार फटका ही त्यांची खासियत. इस्रायली खेळाडूंवरील हल्ल्यामुळे त्या ऑलिम्पिकवर काळी छाया पडली. उपांत्य सामन्यात पाकिस्तानने भारताला २-० असे हरवले. मग हॉलंडला २-१ असे हरवून भारताने कांस्यपदक मिळवले. सात वेळा सुवर्ण पाहिलेल्या पिढीला आता कांस्यावर समाधान मानावे लागत होते. त्यापैकी सातवे सुवर्ण १९६४ साली टोकियोला आले होते, आठवे १९८० मध्ये मॉस्कोला यायचे होते. पण जुन्या लोकांच्या मनात हॉकी म्हणजे सुवर्णच, हा हिशेब पक्का बसला होता.

मार्च १९७५. क्वालालंपूरला तिसरी विश्वचषक स्पर्धा. भारताचे कर्णधार अजितपालसिंग आणि व्यवस्थापक बलबीरसिंग, ज्यांनी स्वतः तीन ऑलिम्पिक सुवर्णपदके जिंकली होती. संघातली नावे वाचली तरी देशाचा नकाशा डोळ्यांपुढे येतो. ओरिसाचे आदिवासी खेळाडू मायकेल किंडो, मद्रासचे लेस्ली फर्नांडिस आणि फिलिप्स, कूर्गचे गोविंदा, पंजाबचे सुरजितसिंग आणि हरचरणसिंग, ध्यानचंदपुत्र अशोककुमार, शिवाजी पवार आणि भोपाळचे अस्लम.

उपांत्य सामना यजमान मलेशियाशी होता. मर्डेका मैदान प्रेक्षकांनी भरून गेलेले. सत्तर मिनिटांच्या सामन्यात पासष्टावे मिनिट आले तरी भारत १-२ असा मागे होता. अशा वेळी किंडोला बाहेर घेऊन अस्लमला मैदानात पाठवण्यात आले. भारताला पेनल्टी कॉर्नर मिळाला. त्या काळी कॉर्नरला एकाने रेषेवरून चेंडू ढकलायचा, दुसऱ्याने तो हाताने थांबवायचा आणि तिसऱ्याने फटका मारायचा, अशी पद्धत होती. समोरून बचावाचे खेळाडू अंगावर धावून येत असतात, वेळ एखाद-दीड सेकंदाचा. अस्लमने गळ्यातल्या ताईताला ओठ लावले आणि फटका मारला. गोल झाला. बरोबरी झाली. जादा वेळेत हरचरणसिंगने तिसरा गोल केला आणि भारत ३-२ असा जिंकला.

१५ मार्चला अंतिम सामना पाकिस्तानशी झाला. पहिला गोल पाकिस्तानने केला. सुरजितसिंगने बरोबरी साधली, अशोककुमारने दुसरा गोल केला आणि भारत २-१ असा जगज्जेता झाला. जसदेवसिंग यांचे आकाशवाणीवरचे समालोचन ऐकलेले लोक अजूनही त्याविषयी बोलताना खुर्चीत पुढे सरकून बसतात.

याच स्पर्धेतली आणखी एक आठवण बलबीरसिंग सांगत असत. अस्लमला जुम्म्याच्या नमाजाला जायचे होते. व्यवस्थापक स्वतः त्याच्याबरोबर मशिदीत गेले आणि संघातले इतर खेळाडूही सोबत निघाले. तिथे पाकिस्तानचे खेळाडूही आले होते. एका सहकाऱ्याला एकट्याने जावे लागू नये एवढीच ती गोष्ट. तिचा कुणी जाहीर सोहळा केला नाही, म्हणूनच ती आज मोठी वाटते.

ताईत आणि फटका

अस्लमची गोष्ट जिथे जिथे सांगितली जाते तिथे ताईत हमखास येतो. आपल्या मोहल्ल्यात तर कधीकधी फक्त ताईतच येतो! सांगणारा इतका रंगून जातो की गोल ताईताने केला असे ऐकणाऱ्याला वाटावे. इथे थोडे थांबून विचार केला पाहिजे.

ताईत ही त्या तरुण खेळाडूच्या श्रद्धेची बाब होती. तिच्याविषयी हलके बोलण्याचा कुणाला अधिकार नाही. पण गोलाच्या मागे काय उभे होते? भोपाळच्या कच्च्या मैदानावर घालवलेली वर्षे, एकाच फटक्याचा हजारो वेळा केलेला सराव, ऑलिम्पिक खेळलेल्या वडिलांचे घर, आणि बाकावर बसूनही सामन्यातून मन काढून न घेण्याची शिस्त. जो खेळाडू रुसून बसला असता त्याच्या हातून पासष्टाव्या मिनिटाला तो फटका बसला नसता. मुलांना आपण गोष्ट सांगतो तेव्हा ताईत सांगावा, पण सरावही सांगावा. दुवा आणि मेहनत यांची फारकत करून कौमचे भले झालेले नाही.

दुसरा धोका याहून मोठा आहे. अस्लमच्या गोलाकडे एक 'दाखला' म्हणून पाहिले जाते. बघा, मुसलमान खेळाडूही देशासाठी जीव तोडून खेळतो! हे वाक्य प्रेमाने बोलले जाते, आपणही ते अभिमानाने बोलतो. पण सुरजितसिंगने अंतिम सामन्यात गोल केला तेव्हा त्याच्याकडून कुणी दाखला घेतला नाही. त्याने फक्त गोल केला. अस्लमलाही फक्त गोल करण्याचा हक्क असायला हवा.

संशय किती आंधळा असतो हे १९८२ साली दिसले. दिल्लीच्या एशियाडमध्ये अंतिम सामन्यात पाकिस्तानने भारताला ७-१ असे हरवले. सगळा राग गोलरक्षक मीररंजन नेगी यांच्यावर निघाला. ते विकले गेले, असे उघड बोलले गेले. नेगी हिंदू होते, पण नावातल्या 'मीर'मुळे अनेकांनी त्यांना मुसलमान ठरवून टाकले. २००७ साली 'चक दे! इंडिया' हा चित्रपट आला आणि नायकाचे नाव कबीर खान ठेवले गेले. पराभवानंतर घर सोडून जाणारा तो कर्णधार पाहताना आपल्या घरांतून डोळे पाणावले, कारण ती भीती ओळखीची होती.

खेळानंतर

१९८२ साली, वयाची तिशी गाठण्यापूर्वीच, अस्लम यांचे इंग्रजी आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. त्याचे नाव 'टू हेल विथ हॉकी'. हॉकी गेली खड्ड्यात, असे ऑलिम्पिकपटूने म्हणावे, तेही ज्याच्या घरात वडिलांपासून हॉकी आहे त्याने! या नावातच त्या काळच्या हॉकी कारभाराविषयीची चीड दिसते.

चिडण्यासारखे बरेच घडले होते. १९७६ साली माँट्रियलला ऑलिम्पिक हॉकी प्रथमच कृत्रिम गवतावर खेळली गेली आणि भारत सातव्या क्रमांकावर फेकला गेला. १९२८ पासून पदकाशिवाय परत येण्याची ती पहिलीच वेळ. गवतावर आणि मातीवर मनगटाच्या कौशल्याने चेंडू फिरवणारा खेळ मागे पडला. नव्या पृष्ठभागावर वेग आणि ताकद लागते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ते मैदान घालायला आणि राखायला प्रचंड पैसा लागतो. जो खेळ काठी आणि चेंडूवर चालत होता तो गरीब मोहल्ल्याच्या हातून निसटला. मुस्लिम मुले हॉकीतून का कमी झाली, याचे उत्तर शोधताना आपण नेहमी भेदभावापाशी थांबतो. भेदभावाची चर्चा व्हावीच, पण या हिरव्या गालिच्याचा हिशेबही मांडला पाहिजे. आदिवासी, शेतमजूर, कामगार अशा सगळ्यांच्याच मुलांना त्याने दूर लोटले.

१९८४ साली अस्लम शेर खान काँग्रेसतर्फे बैतूलमधून लोकसभेवर निवडून आले. १९८९ साली तेथे भाजपचे आरिफ बेग विजयी झाले. १९९१ साली पुन्हा अस्लम आले आणि नरसिंह राव यांच्या मंत्रिमंडळात राज्यमंत्री झाले. म्हणजे १९८४ ते १९९६ या काळात गोंड, कोरकू, पवार, कुणबी अशा मतदारांच्या बैतूलने सलग मुसलमान खासदार निवडून दिले, तेही दोन वेगवेगळ्या पक्षांचे. मुसलमान उमेदवार फक्त मुसलमानबहुल भागातूनच येतो, असे हल्ली गृहीत धरले जाते. आपल्या सीमेवरच्या या जिल्ह्याचा इतिहास त्या समजुतीला बसत नाही.

२००८ च्या मार्चमध्ये चिलीतल्या सांतियागोला ब्रिटनकडून हरून भारत बीजिंग ऑलिम्पिकला मुकला. ऐंशी वर्षांत असे प्रथमच घडले. महासंघ बरखास्त करून पाच माजी खेळाडूंची तात्पुरती समिती नेमण्यात आली. तिचे प्रमुख होते अस्लम शेर खान. सदस्यांत अजितपालसिंग, अशोककुमार, झफर इक्बाल आणि आपल्या पुण्याच्या खडकीचे धनराज पिल्ले होते. 'हॉकी गेली खड्ड्यात' म्हणणाऱ्या माणसालाच ती खड्ड्यातून काढण्यासाठी बोलावले गेले! त्यानंतर ऑलिम्पिक पदकासाठी २०२१ पर्यंत थांबावे लागले. टोकियोला कांस्य आणि २०२४ मध्ये पॅरिसला पुन्हा कांस्य.

आपण काय करायचे?

मी नागपूरच्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. इतिहासाच्या तासाला खेळाडूंचा विषय काढला की मुले क्रिकेटपटूंची नावे धडाधड सांगतात. ध्यानचंद काहींना माहीत असतात. अहमद शेर खान, लाल शाह बुखारी, जयपालसिंग मुंडा ही नावे कुणी ऐकलेली नसतात. दोष मुलांचा नाही. जी नावे पुस्तकात नाहीत आणि घरातही निघत नाहीत ती मुलांना कुठून कळणार?

टोकियो ऑलिम्पिकमध्ये चौथ्या क्रमांकावर आलेल्या भारतीय महिला संघात हरियाणातील सोनीपतची निशा वारसी होती. तिचे वडील शिंपीकाम करत. हे मी वर्गात सांगितले तेव्हा मुली सरळ होऊन बसल्या. एकीने विचारले, "मॅडम, तिला घरून परवानगी होती?" हॉकीचा कुठला नियम तिने विचारला नाही, तिला पहिला प्रश्न परवानगीचा पडला. या प्रश्नाचे उत्तर शाळेने एकटीने द्यायचे नाही. ते पालकांनी द्यायचे आहे.

आणि एक काम या वार्षिकाच्या वाचकांनी मनावर घ्यावे असे वाटते. मोमिनपुऱ्यात, कामठीत, अमरावती-अकोल्याच्या जुन्या मोहल्ल्यांत हॉकी आणि फुटबॉल खेळलेली पिढी आता थकली आहे. कुणाकडे एखादा पिवळा पडलेला फोटो असेल, कुणाकडे कप, कुणाकडे निव्वळ आठवणी. त्या लिहून घ्याव्यात. कोण कुणाबरोबर खेळले, कुणाच्या गावी उतरले, कुणी कुणाला जेवू घातले, हे नाव-गाव-सालासह लिहावे. क्वालालंपूरचा गोल जगाने नोंदवला. मोहल्ल्यातल्या मैदानांची नोंद जगाकडे नाही. ती आपल्यालाच करावी लागेल, आणि सांगणारे आहेत तोवरच ती करता येईल.